चढणाऱ्यांसाठी लिहिलेली कविता

मित्रांनो, त्या कवितेतून खारूताईला, म्हणजे सगळे लाडाने असं म्हणत त्या मुलीला, एकच गोष्ट मिळवायची होती : शाळा. तिचे बाबा शिंपी. सुट्टी लागली की पोरीला कायमची दुकानात बसवायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. कविता वाचून ते विरघळतील, असा तिचा हिशेब.

मी शाळेच्या मागच्या जिन्यातला एक जुना फलक आहे. सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला पायऱ्यांच्या कडेने तिरका ठोकला आणि वर हिरवं कापड ताणलं. उमेदीच्या काळात माझ्यावर निकाल लागायचे, मुलं धक्काबुक्की करत मला भिडायची. पुढे निकाल मोबाइलवर गेले. माझ्या वाट्याला धूळ आली.

मग पालकांसाठीच्या प्रदर्शनाकरता भाषेच्या बाईंना एक खेळ सुचला. कविता अशी लिहायची, की जिना चढताना एक अर्थ लागावा आणि उतरताना नेमका उलटा. कागदाच्या एकेका पट्टीवर एकेक ओळ, पायरीपायरीने टाचलेली. किती वर्षांनी टाचण्या टोचल्या! बरं वाटलं.

खारूताईची कविता चढताना अशी लागायची :

मला शाळेत राहायचं आहे.
कुणी असं म्हणू नका, की
मला दुकानात बसायचं आहे.

उतरताना काय होतं, ते शेवटच्या ओळीपासून वाचून बघा.

"बाबा चढूनच येणार," ती मैत्रिणीला म्हणाली, "उडत थोडेच येणारेत!"

प्रदर्शनाच्या दिवशी मुख्याध्यापकांना पाहुणचाराची हुक्की आली. एरवी कुलूपबंद असलेला पुढचा जिना त्यांनी पालकांसाठी उघडला. सगळे तिकडून वर गेले, भाषणं ऐकली आणि माझ्या जिन्याने उतरले.

बाबा वरून एकेक ओळ वाचत आले. त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, मग आधीच सांगायचंस ना! मी उगाच मनाला लावून घेत होतो."

"बाबा, उलटं वाचलंत. खालून वाचा ना!"

त्यांनी खालूनही वाचलं. मग म्हणाले, "कापडाची सुलटी बाजू एकच असते, बाळा. दोन्हीकडून बोललीस, तर मी खरं काय मानू?"

तिने बाईंकडे पाहिलं.

"बघा, किती छान जमलंय हिला!" बाई म्हणाल्या आणि फोटोसाठी वळल्या.

सुट्टीनंतर खारूताई आली नाही. पट्ट्या काढायचं कुणाला सुचलं नाही. वर्गाकडे पळणारी मुलं रोज त्यांच्यावरून हात फिरवत जातात.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण एखादं पोर "खालून वाचा" म्हणालं, तर त्याच्यासोबत जिना पुन्हा एकदा चढा.

बाईंना टाळ्या मिळाल्या. मुख्याध्यापकांना फोटो. बाबांना काजं करायला दोन हात. मला थोडे दिवस माणसांची जाग. या सगळ्याची किंमत मात्र एकट्या खारूताईने भरली.