आईच्या मापाचं पान

“सिस्टर, पाळीत किती रक्त गेलं म्हणजे जास्त गेलं म्हणायचं?”

भिंगरीने विचारलं आणि वर्गातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पैज मैत्रिणींनी लावली होती. “नुसती बडबडतेस, शाळेत तपासणीला सिस्टर येतील तेव्हा विचारून दाखव!” आता त्याच मैत्रिणी दप्तरांमागे तोंड लपवून खुदखुदत होत्या. भिंगरीचे कान तापले होते. पण गप्प खाली बसेल तर ती भिंगरी कसली!

सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “फार कामाचा प्रश्न विचारलास. तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, सात दिवसांच्या वर जात असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, तर सोसत बसायचं नाही. डॉक्टरकडे जायचं. आणि सगळं लिहून न्यायचं. तिथे खुर्चीत बसलं की भल्याभल्या बायका विसरतात!”

मैत्रिणींची खुदखुद थांबली. भिंगरी मात्र चांगलीच दचकली. सिस्टरनी जणू तिच्या आईलाच समोर उभं केलं होतं!

भिंगरीची आई घरीच शिवणकाम करायची. हल्ली तिचं मशीन मध्येच थांबायचं. डोकावून बघावं, तर आई मशीनवर कपाळ टेकून बसलेली. दुसऱ्या मजल्यावर यायला तिला तीनदा कठडा धरावा लागायचा.

त्या दिवशी भिंगरीने दप्तरही काढलं नाही. “आई, डॉक्टरना नीट सांगितलंयस का गं सगळं?”

“सांगितलं की. टॉनिक चालू आहे ना!”

“काय सांगितलंस?”

“थोडं जास्त जातं म्हणून. बायकांना होतंच गं थोडंसं. तुझी नाही का दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडत? जा, तो निळा कोट आण इकडे.”

तेवढ्यात कोटवाल्या मावशी आल्याच. “बाह्या थोड्या आखूड करा हं.”

“थोड्या म्हणजे किती?” आई कडाडली. “अर्धा इंच की दोन इंच? थोड्यावर मी कात्री चालवत नाही, मावशी! उद्या मलाच बोल लावाल.”

मावशी नीट माप देऊन गेल्या. दार लागताच भिंगरी उसळून म्हणाली, “तू थोड्यावर कात्री चालवत नाहीस, मग डॉक्टरनी थोड्यावर औषध कसं द्यायचं?”

“फार शहाणी झालीस!” आई म्हणाली, पण कात्री काही तिने उचलली नाही.

भिंगरीने आईची मापांची वही ओढली, कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, ‘गिऱ्हाईक : आई’. मग मोठ्याने बोलत लिहायला लागली, “दिवस, आठ...”

“दहा,” आई खाली मान घालून म्हणाली. “दहा लिही.”

शनिवारी आई, बाबा आणि भिंगरी दवाखान्यात गेली. भिंगरीचा पाय सारखा हलत होता. नंबर लागला. त्यांच्या घरात रीतच पडली होती, दुखणं आईचं आणि बोलायचे बाबा! आजही त्यांनीच सुरुवात केली, “हिला जरा अशक्तपणा आहे डॉक्टर. मागचंच टॉनिक द्या.”

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलंसुद्धा.

“तसं थोडंसंच...” आई पुटपुटली आणि थांबली. वही भिंगरीच्या मांडीवर होती. आपणच घडाघडा वाचून टाकावं असं तिला फार वाटलं. पण तिने स्वतःला आवरलं आणि वही आईपुढे सरकवली. मागच्या खेपेसारखंच झालं तर? आई गप्पच राहिली तर?

आईने चष्मा लावला. गिऱ्हाइकाची मापं वाचते त्याच ठाम आवाजात ती वाचू लागली. “दहा दिवस. पहिले तीन दिवस दर दीड तासाला पॅड. गुठळ्या नाण्याएवढ्या. जिन्यात तीनदा थांबते. आठ महिने झाले.”

“आठ महिने?” बाबा दचकले. “मला बोलली नाहीस ती!”

“तुम्ही मला कुठे विचारलंत? थेट डॉक्टरांना सांगत होतात.”

“या वयात चालायचंच हो,” डॉक्टर म्हणाले.

“चालत असेल. पण मला कशामुळे होतंय ते तपासून सांगा. कोणत्या तपासण्या लागतील, लिहून द्या. त्याशिवाय मी उठत नाही!”

शाब्बास गं आई! भिंगरीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच आईकडे नीट पाहून एकेक प्रश्न विचारला. रिपोर्ट आले तेव्हा कळलं, हिमोग्लोबिन आठच्याही खाली होतं आणि गर्भाशयात एक साधी गाठ होती. “वेळेत आलात,” डॉक्टर म्हणाले. “उपाय आहे. आणखी दोन महिने काढले असतेत, तर रक्त चढवावं लागलं असतं.” मग जरा घुटमळून म्हणाले, “मीही आधीच विचारायला हवं होतं.”

घरी येताना बाबा जिन्यात आईच्या मागोमाग थांबत थांबत चढले. वर आल्यावर म्हणाले, “यापुढे मी बरोबर येईन, पण तुझं दुखणं तू सांगायचं.”

वाचकहो, आपल्याही घरात एखादी ‘थोडंसं’ म्हणणारी असेलच की! तिला विचारा, थोडं म्हणजे किती? आणि बायांनो, आपल्या शरीराची मापं आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? ती नीट मोजा, लिहा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही!

भिंगरीने मात्र वहीचं पुढचं कोरं पान उघडलं आणि आईबाबांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“ऐका, मी ठरवलंय. सोमवारी मी डॉक्टरकडे जाणार. दर महिन्याला दोन दिवस पोट धरून पडते, उलट्या होतात, शाळा बुडते. ‘होतंच गं’ हे मी आता ऐकून घेणार नाही. तुम्ही दोघं या, शेजारी बसा. पण बोलणार मी!”