नव्वद सेकंद

"पोरी, अर्ज मागे घे," प्राध्यापक मॅन्कूसो फोनवर म्हणाले. "ही जागा कोराडोची आहे. पुढची तुझी."

"सर, मागच्या वेळी अर्ज मागे घेतला तेव्हाही पुढचीच माझी होती."

"उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

रोझाल्बाने रागाने फोन ठेवला. पीएचडीनंतरची सहा वर्षं तिने त्यांच्याच पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळेत घातली होती. मूत्रपिंडाच्या नाजूक पेशी बशीत जगवायची पद्धत तिने बसवली आणि तिथल्याच हाताखालच्या कोराडोला हाताला धरून शिकवली. आता संशोधकाची एकच जागा निघाली होती आणि तिचा करार महिनाअखेर संपत होता. ही जागा गेली की इटलीतलं हे कातानिया शहर सोडावं लागणार होतं. जाहिरातीत कोराडोच्या बुटांचा नंबर तेवढा घालायचा राहिला होता. एकाच उमेदवाराच्या मापाने बेतलेल्या असल्या जाहिरातीला इकडे सगळे ‘फोटो’च म्हणतात आणि बाकीचे उमेदवार मुकाट घरी बसतात. मुख्य अट मात्र रोझाल्बाच्याच पद्धतीची होती, एवढाही विधिनिषेध नव्हता त्यांना.

ती मुलाखतीला गेली. टेबलावरच्या लिफाफ्यांतला एक उचलला, आतला प्रश्न वाचला, वीस मिनिटं न अडखळता बोलली. मॅन्कूसो धरून समितीचे तिघे घड्याळाकडे बघत होते.

"झालं. या तुम्ही," मॅन्कूसो म्हणाले.

"मुलाखत खुली असते ना, सर? मी ऐकते."

ती पहिल्या रांगेत बसली. कोराडो आत आला, त्याने लिफाफा उचलला. बशीला चिकटलेल्या पेशी सुट्या कशा कराल, असा साधा प्रश्न होता.

"एन्झाइम घालायचं," तो म्हणाला, "आणि मग ठेवायचं..." तो अडला. अडला की प्रयोगशाळेत तो रोज करायचा तेच त्याने केलं. मान वळवून म्हणाला, "रोझा, किती वेळ गं?"

"नव्वद सेकंद."

सहा वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. तिला स्वतःचीच चीड आली.

"नव्वद सेकंद," कोराडोने समितीला सांगितलं.

"बरोबर," मॅन्कूसो म्हणाले.

रोझाल्बा उठली. "त्याने कुणाला विचारलं, ते नोंदीत घ्या."

"त्याची गरज नाही."

कोपऱ्यात कार्यालयातल्या सिन्योरा पिना मुलाखतीची नोंद लिहीत होत्या. बावीस वर्षं त्यांनी प्राध्यापक सांगतील तेवढंच लिहिलं होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "लिहून झालंय, सर. उत्तर कुणी दिलं, तेही."

"तेवढं खोडा."

"पेनाने लिहिलंय. खोडलेलं दिसेल."

त्यांनी कागद सह्यांसाठी समितीपुढे सरकवला. ते वाक्य राहिलं तर जागा कोराडोला देता येणार नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. कुणीच पेन उचललं नाही.

रोझाल्बा पुन्हा पहिल्या रांगेत बसली आणि तिने पर्स खाली ठेवली.

"तुम्ही सह्या करा, सर," ती म्हणाली. "या वेळी मी उठणार नाही."