सामलीआजीचा ससा

मित्रांनो, मी ससा आहे, पण धावणारा नव्हे. मी फणसाच्या लाकडाचा आहे, चार पायांवर ठाम उभा. माझ्या तोंडात लोखंडी दाते आहेत आणि माझ्या पाठीवर बसून बायका नारळ खवतात. आमच्या कालव्याकाठी घरोघरी असा एखादा ससा असायचा. त्या सगळ्यांत देखणा मी, हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

लुअनआजोबांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बायकोसाठी कोरलं. त्यांना सुतारकाम येत नव्हतं, म्हणून माझा डावा कान आखूड राहिला. "ससा कोरलात की डुक्कर?" नव्या नवरीनं, म्हणजे आमच्या सामलीआजीनं, विचारलं होतं. पण बसून पाहिलं, तर माझी उंची तिच्या गुडघ्यांना अशी जमून आली की पुढची पन्नास वर्षं तिनं दुसऱ्या कशावर नारळ खवला नाही. नववर्षाच्या सणाला आळीतल्या बायका मोठ्या कढईत नारळाचं दूध आणि माडाचा गूळ घोटत बसायच्या. तेव्हा माझ्या दातांना दोन दिवस उसंत नसायची. फार मजेचे दिवस होते ते.

पुढे आजोबा गेले. आजीचे गुडघे दुखू लागले. सून पिकुलनं विजेचं यंत्र आणलं आणि मी जिन्याखाली गेलो. तिथे एका कोंबडीनं माझ्या पाठीवर संसार थाटला.

एका नववर्षाला आजी बहिणीकडे गेली होती. साफसफाई करताना पिकुलनं मला धुतलं, तेल लावलं, नावेत घातलं आणि पलीकडच्या विहारात दान करून टाकलं. मनानं अगदी सोन्यासारखी मुलगी.

आजी परतली. "ससा कुठाय गं?"

"विहारात दिला, आई. पाणी सोडून पुण्य तुमच्या नावावर केलं."

आजी मटकन खाली बसली. विहाराची वस्तू घरी आणणारा मेल्यावर माडाएवढं उंच भूत होतो आणि त्याचं तोंड सुईच्या नेढ्याएवढं असतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. मला परत मागायची सोयच नव्हती.

"मला वाटलं, तुमचे गुडघे दुखतात, म्हणून आता नको असेल," पिकुल पुटपुटली.

"गुडघे माझे दुखतात. त्यात त्याचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी दोघी भंतेंकडे आल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. भंते हसून म्हणाले, "एक वाट आहे. याच्याइतका किंवा याहून चांगला ससा विहाराला द्या आणि हा घेऊन जा. चांगला आहे की नाही, ते आजींनीच सांगावं. मात्र खरं सांगावं."

पिकुलनं बाजारातून ससा आणला. आजीनं त्यावर बसून अर्धा नारळ खवला आणि मान हलवली. मग पिकुलनं सागवानी आणला. पुन्हा नाही. तिसरा तिनं नामांकित सुताराकडून घडवून घेतला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, तो माझ्याहून चांगला होता. मला घरी जायचं होतं, म्हणून आजीनं हो म्हणावं, असं मी मनोमन विनवत होतो.

आजीनं खवलं, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "नाही, भंते. याची सर नाही."

पिकुल रडकुंडीला आली. "आई, एकदा हो म्हणा ना. कान तरी बघा त्याचे."

"बघितले. सारखे आहेत. पण ज्यानं हा कोरला, तो ऐकत असेल की गं."

पिकुलनं डोळे पुसले आणि नाव वल्हवत सासूला घरी नेलं.

पिकुलनं आणलेले तिन्ही ससे विहारालाच दिले, म्हणून आता इथे आम्ही चार ससे आहोत. पिकुल रोज सकाळी आजीला घेऊन येते. आजी माझ्यावर बसते, पिकुल त्या तिसऱ्यावर. "किती जाड खवतेस? भंतेंना दात किती राहिलेत?" असं आजी तिला टोचते आणि पिकुल हसत राहते.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू कोणाला देण्याआधी म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा. मला घरची आठवण येते, नाही असं नाही. पण मला घरी नेण्यासाठीसुद्धा आजीनं मला कमी म्हटलं नाही. एवढं सुख किती वस्तूंच्या वाट्याला येतं?