फाटलेला आवाज

गुरुशांतचा आवाज फाटायला लागला तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता.

बँडमध्ये आम्ही तिघं. गुरु गायचा आणि गिटार वाजवायचा, जालिंदर बेस आणि मी ड्रम्स. यंत्रमागाच्या एका बंद शेडमध्ये प्रॅक्टिस चालायची. चार वर्षं आम्हाला कुणी फारसं विचारलं नाही. मग गुरुच्या घशात ती खरखर आली. वरचा सूर लावला की आवाज चिरत जायचा, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. कॉलेजांच्या गॅदरिंगची बोलावणी येऊ लागली.

"घसा लई दुखतोय, दाखवून यावं म्हणतो," तो एकदा म्हणाला.

"पुण्याची स्पर्धा होऊ दे की," मी म्हणालो. "औषधानं आवाज साफ झाला तर काय करायचं?"

आम्ही दोघं हसलो. तोही हसला.

पुण्यात आमचा दुसरा नंबर आला. नंतर बार्शीला तपासणी झाली. कॅन्सर बराच पसरला होता. स्वरयंत्र काढावं लागलं.

तो दवाखान्यात असतानाच आम्ही भुवनेश्वरीला घेतलं. ती शाळेत संगीत शिकवायची. आवाज स्वच्छ, उंच. तिच्यासाठी गाणी वरच्या पट्टीत नेली, मी ड्रम्स हलक्या हातानं वाजवू लागलो. लोकांना ते जास्त आवडलं. गुरुला सांगायचं धाडस मात्र कुणाला झालं नाही. त्यानं वॉर्डात मोबाइलवर आमचा व्हिडिओ बघितला.

तीन महिन्यांनी तो शेडवर आला, गळ्यावरच्या भोकावर पांढरा रुमाल बांधून. गिटार घेतली आणि जुन्याच पट्टीत सुरू झाला. भुवनेश्वरी कशीबशी त्या खालच्या पट्टीत उतरली. कडवं संपल्यावर त्यानं मोबाइलवर लिहून तिला दाखवलं : 'फाडून म्हण.'

तिनं म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तिच्या घशातून तशीच खरखर निघाली आणि ती खोकत खाली बसली.

"बास," मी म्हणालो. "तिला हे करायला लावू नको."

गुरुनं गिटार ठेवली आणि तो बाहेर गेला. मी मागोमाग गेलो.

"गुरु, तवा दवाखान्यात जायचं तुला मीच थांबवलं."

त्यानं लिहिलं : 'मलाबी तो आवाज आवडला होता.' मग जरा वेळानं : 'तिला लगेच थांबवलंस.'

तो परत आला नाही. आजार उलटला आणि पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

तेराव्यानंतर त्याची आई गंगम्मा म्हणाली, "त्याचं एखादं गाणं ऐकव की."

मी मोबाइलवर त्याचं पुण्याचं गाणं लावलं. तिनं थोडं ऐकलं आणि मान हलवली.

"हा न्हाय. त्याचा आवाज लाव."

पण आमच्याकडची सगळी रेकॉर्डिंग त्याचा आवाज फाटल्यानंतरची होती. त्याआधी त्याला रेकॉर्ड करावं, असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नव्हतं.