पक्कं काम

डिंगोरे गावातल्या जानकाबाईच्या घरातला दिवा सारखा बिघडायचा, आणि बिघडायचा तोही नेमका शुक्रवारी. शनिवारी हायस्कुलातली नववीची पोरं हत्यारांची पेटी घेऊन गावात दुरुस्तीला फिरायची. शाळेत त्यांना वायरिंग शिकवत होते. जानकाबाईच्या वाट्याला आली होती नंदा, मेंढरंवाल्या गोरक्षची लेक.

ही नंदा म्हणजे भारी बोलकी. हात चालायचे तशी जीभ चालायची. "आजी, आधी मेन बंद, मंगच बोर्डाला हात," असं दर खेपेला बजावायची, वायर घट्ट करायची, चहा प्यायची आणि जायची. ती गेली की घर खायला उठायचं. एकुलता एक मुलगा राजरत्न चाकणला कंपनीत. त्याचा फोन आला तर आला. मग शुक्रवारी जानकाबाई गुमान मेन बंद करायची, बोर्ड उघडायची आणि भाजीच्या चाकूनं एक वायर सैल करायची. शिकवलेलं वाया घालवणारी बाई नव्हती ती. एक रात्र अंधारात गेली तर गेली, सकाळी माणूस तर येतंय.

एका शनिवारी नंदा तोंड पाडून आली. चहाही नको म्हणाली.

"काय झालं गं?"

"सर म्हन्ले, तुझं काम टिकत न्हाई. सुट्टीत नारायणगावच्या वर्कशॉपात शिकायला दोघंच घेनारेत. माझं नाव काढलं. माझ्या हातातच खोट हाय, आजी."

सोमवारी पदर सावरत जानकाबाई शाळेत गेली आणि भर वर्गात बोलली.

"गुरुजी, पोरीचं काम पक्कं हाय. वायर मीच सैल करत व्हते. कुनीतरी घरी यावं म्हनून."

पोरं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. त्यांनी नंदाचं नाव परत घातलं.

संध्याकाळी नंदा आली, शनिवारची राहिलेली वायर घट्ट केली आणि दारात थांबून म्हणाली, "नुसती हाक मारायची ना, आजी."

सुट्टी लागली आणि नंदा नारायणगावला गेली. आता हाक मारून तरी कोण येणार.

शुक्रवार आला की जानकाबाईचा हात चाकूकडं जायचा. ती बोर्डाकडं बघायची आणि कांदा चिरायला घ्यायची. एकट्या जिवाला कांदा तरी असा किती लागतो. दिवा एकदासुद्धा मिणमिणला नाही. पोरीनं काम लई पक्कं केलं होतं.