सुरय्याचं नाव

“सुरय्याचं नाव घ्या,” अम्मी म्हणाली, आणि दुआसाठी उचललेले अब्बांचे हात तसेच राहिले.

पस्तीस वर्षांच्या संसारात तिने दुआ मधे तोडल्याचं मला तरी माहीत नाही. पहाटेची फजरची नमाज झाली की जागेवरून उठायचं नाही, ही अब्बांची शिस्त. मरोळच्या आमच्या दोन खोल्यांत पुढे अब्बा, मागे अम्मी आणि मी. आधी सकाळचे अजकार, म्हणजे कुराणातले नि जपाचे ठरलेले पाठ. आयतुल कुर्सी, तिन्ही कुल तीन-तीन वेळा, मग बोटांच्या पेरांवर शंभर वेळा तस्बीह. दूधवाला येऊन जायचा, नळाला पाणी येऊन जायचं, अब्बांचे ओठ हलत राहायचे. सगळं संपलं की आपल्या बोलीत दुआ, आणि तिच्यात नावं. आधी मेलेल्यांची, मग जित्यांची. अब्बा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होते. गेटवर बसून कामगारांची हजेरी मांडायची, हे त्यांचं काम. दुआतही त्यांच्या हजेरीत कुणी सुटायचं नाही. राजापूरचे चुलते, कुवेतचा मामा, इतकंच काय, तळमजल्यावरच्या सोनूबाईंचा गुडघासुद्धा त्यात होता. प्रत्येक नावाला आम्ही आमीन म्हणायचो.

सात वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचं, सुरय्याचं नाव त्यांनी पटावरून कमी केलं.

तिचा गुन्हा एवढाच, की तिने नवऱ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. नवरा म्हणजे इम्तियाज, अब्बांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. तिचा हात चौकटीत दाबून धरून त्याने दार ओढलं होतं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. अब्बांचं म्हणणं, घरातलं घरात मिटलं असतं. इम्तियाज अकरा दिवस आत राहून आला. फुफूने, म्हणजे त्याच्या आईने, अंथरूण धरलं. सुरय्या मुलुंडला एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली, तिथेच खोली घेऊन राहिली, आणि अब्बांनी तिच्याशी बोलणं टाकलं. इथवर मी समजून घेऊ शकते. बापांना राग येतो. पण इम्तियाजचं नाव दुआत तसंच राहिलं. “या अल्लाह, इम्तियाजला तंदुरुस्ती दे, त्याच्या कामात बरकत दे.” अम्मी आमीन म्हणायची. मीही म्हणायचे. आज मला त्याची शिसारी येते, तेव्हा सवय झाली होती.

त्या गुरुवारी सुरय्याला डेंग्यूने इस्पितळात पडून चौथा दिवस होता. प्लेटलेट्स अठरा हजारांवर आल्या होत्या.

“दुआच्या मधे बोलू नये,” अब्बा मान न वळवता म्हणाले.

“पोरगी मरायला टेकलीय. नाव घ्या.”

“आत्ताच पढलो ना? माझ्या घरच्यांना सलामत ठेव, असं आहेच त्यात. घरचे म्हटलं की सगळे आले.”

“सगळे आले, तर मग इम्तियाजचं वेगळं कशाला घेता?”

अब्बा जरा गडबडले. “तो यतीम आहे. त्याच्या बापाला मरताना मी शब्द दिलाय.”

“म्हणजे हिचा बाप जिता आहे म्हणून हिला कोणीच नाही?”

मी मधे पडले. “अब्बा, एक नाव तर घ्यायचंय. ती काय इथे ऐकायला बसलीय?”

“अल्लाह ऐकतोय ना!” आता ते आमच्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. “मी तिला माफ नाही केलं, शिरीन. मनात नाही ते तोंडाने मागू? त्याच्यासमोर बसून खोटं बोलू?”

माणूस ढोंगी असता तर त्याचा तिटकारा करणं किती सोपं गेलं असतं. पण अब्बा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. कारखान्यात स्वतःच्या सख्ख्या भावाला पाच मिनिटं उशीर झाला, तर तोही मांडला त्यांनी. या सचोटीचा आम्हांला केवढा अभिमान होता!

ते पुन्हा पश्चिमेला, किब्ल्याकडे वळले. इम्तियाजचं नाव आलं. अम्मीने आमीन म्हटलं, तेही मोठ्याने. लेक तिकडे इस्पितळात असताना वरच्याशी वाकडं घ्यायची तिची हिंमत नव्हती.

दुपारी आम्ही मुलुंडला गेलो. सुरय्याचे ओठ सुकून भेगाळले होते. अम्मीने काही पढून तिच्या कपाळावर फुंकर घातली आणि उशाशी बसली.

“अब्बांनी आज तुझं नाव घेतलं दुआत,” ती एकदम म्हणाली. “सकाळी. तुझं नाव घेतलं आणि रडले.”

सुरय्या हसली. “रडले म्हणालीस तिथे फसलीस, अम्मी. नुसतं नाव घेतलं म्हणाली असतीस, तर मानलं असतं गं मी.”

अम्मीही हसली. मग तिने सुरय्याचा हात हातात घेतला. तो हात तोच, मनगटाशी किंचित वाकडा जुळलेला. मी खाली जाऊन उगाच शहाळं घेऊन आले. नर्सने ते पाजू दिलं नाही.

शुक्रवारी दुपारी सुरय्या गेली. चौतीस वर्षांची होती.

मातीला अब्बा गेले. त्यांनी खांदा दिला, कबरीत उतरून लेकीला स्वतः ठेवलं, तीन मुठी माती टाकली. इम्तियाजही आला होता. तो धाय मोकलून रडला आणि अब्बांनी त्याला पोटाशी धरलं, असं शेजारच्या निहारने मला सांगितलं. काकांचा सब्र बघण्यासारखा होता, असंही तो म्हणाला. बघायला तो कब्रस्तानात होता. आम्ही बाया घरात होतो.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बांनी सगळे अजकार पढले. एकही गाळला नाही. मी मागून त्यांच्या पेरांवरचा अंगठा बघत होते, तो एकदाही अडखळला नाही. मग हात वर गेले, दुआ सुरू झाली. आजोबा, आजी, फुफा, धाकटे चुलते. “आणि या अल्लाह,” अब्बा म्हणाले, “माझ्या सुरय्याला माफ कर. तिची कबर रोशन कर.”

त्यांचा आवाज फाटला होता. ते खरंच रडत होते. सात वर्षं अडलेलं नाव आता कुठेही न अडता आलं, मेलेल्यांत, वयाप्रमाणे सर्वांत शेवटी.

“आमीन,” अम्मी म्हणाली. आई होती, तिला म्हणावंच लागलं.

मेलेल्यांची नावं संपली. अब्बांनी नाक पुसलं, घसा साफ केला आणि जित्यांची नावं सुरू केली. अम्मीने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, उठली, जानमाज झटकून तिची घडी घातली आणि आत गेली. मोरीत बादली सरकवल्याचा आवाज आला.

चुलते झाले, मामा झाले. “इम्तियाजला तंदुरुस्ती दे,” अब्बा म्हणाले आणि थांबले. मी तोंड मिटून घेतलं.

आम्हांला ऐकू गेलं नसेल, असं वाटून त्यांनी ते नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने.