महादेवरावांची बंदूक जमा झाली नाही

निवडणूक लागली आणि परवानाधारकांनी शस्त्रं जमा करावीत, अशी पोलिसांची नोटीस निघाली. कळमन्याच्या बाजारात धान्याचा व्यापार करणाऱ्या मधुसूदनला ती आली. त्यानं ती प्रताप नगरातल्या अख्ख्या गल्लीला दाखवली. शेजारच्या महादेवरावांना मात्र ती झोंबली. त्यांच्या बैठकीत दीड-दोनशे वर्षं जुन्या चार फौजी बंदुका टांगलेल्या, आणि त्यांना साधी चिठ्ठी नाही!

"तुमच्या बंदुकीले कोण भेते?" त्यांच्या पत्नी रंभाबाई म्हणाल्या. "मी रोज फडक्यानं पुसून राहिली ना."

हे तर फारच लागलं. महादेवरावांनी सगळ्यात लांब बंदूक चादरीत गुंडाळली आणि ऑटोनं पोलीस ठाणं गाठलं.

फौजदार हिमानी मॅडमनी चादर उघडून पाहिली. "काय आहे हे?"

"ठासणीची बंदूक. सीताबर्डीच्या लढाईत चाललेली. अत्यंत घातक."

"घातक? मग परवाना दाखवा."

महादेवराव घाईनं म्हणाले, "तशी चालत नाही, मॅडम. घोडा जाम आहे. नळीत गांधीलमाशीचं घर आहे."

"मंग आणली काहून?" मॅडमनी विचारलं.

महादेवराव चादरीची घडी घालू लागले. तेवढ्यात हवालदारानं मोबाइलच्या उजेडात चापाजवळची धातूची पट्टी वाचली. "मॅडम, १८६२ लिहून आहे."

"आणि सीताबर्डीची लढाई?"

"अठराशे सतरा," महादेवराव पुटपुटले. वीस वर्षं ते पाहुण्यांना ही लढाई सांगत आले होते. पट्टी वाचायचं कधी सुचलं नव्हतं.

मॅडम हसल्या नाहीत, हेच त्यांना जास्त बोचलं. मॅडमनी कागद पुढे केला. "लिहून द्या, ही वस्तू कोणालाही इजा करू शकत नाही."

महादेवरावांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सध्या इजा करू शकत नाही.' मॅडमनी 'सध्या' खोडायला लावलं. त्यांनी खोडलं, खाली सही केली.

परतताना फाटकाशी मधुसूदन उभाच. "काय जी, ठेवून घेतली का?"

"नोंद झाली," महादेवराव म्हणाले आणि सरळ आत गेले. बंदूक खिळ्याला टांगली, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून उरलेल्या तिघींच्या पट्ट्या वाचायला बसले.